अणुस्फोटानंतरची आग आणि इमारतींचे ढिगारे

अणुस्फोटाने होणारी हानी केवळ धक्क्याची किंवा किरणोत्साराची नसते. स्फोटापाठोपाठ भडकणारी आग तितकीच, आणि काही वेळा त्याहूनही अधिक, विनाशकारी ठरते. कोसळलेल्या इमारतींचे ढिगारे या आगीला इंधन पुरवतात, अग्निशमन दलाचे रस्ते अडवतात आणि ढिगाऱ्याखाली अडकलेल्या माणसांच्या सुटकेसाठी मिळणारा अवधी काही तासांवर, प्रसंगी काही मिनिटांवर आणून ठेवतात. हिरोशिमा आणि नागासाकी येथील अनुभव, त्यानंतर झालेल्या चाचण्या आणि मुंबईच्या गोदीत १९४४ मध्ये झालेला स्फोट यांतून या विषयाची बरीच माहिती हाती आली आहे.

भारतात अशा प्रसंगी नागरिकांच्या बचावाची तयारी करण्याचे काम नागरी संरक्षण यंत्रणेकडे आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील अग्निशमन सेवा, नागरी संरक्षण आणि होमगार्ड महासंचालनालयाचे कार्यालय नवी दिल्लीतील आर. के. पुरम येथे आहे. आग आणि ढिगाऱ्याखालील सुटका हे दोन विषय एकाच छत्राखाली असण्याला अर्थ आहे. मोठ्या स्फोटानंतर हे दोन प्रश्न वेगळे राहत नाहीत.

स्फोटाची ऊर्जा

हवेत होणाऱ्या अणुस्फोटात एकूण ऊर्जेपैकी साधारण ५० टक्के ऊर्जा दाबलहरीच्या आणि धक्क्याच्या रूपाने, ३५ टक्के उष्णता व प्रकाशाच्या रूपाने आणि १५ टक्के किरणोत्साराच्या रूपाने बाहेर पडते. स्फोटाची उंची आणि बॉम्बचा प्रकार यांनुसार हे प्रमाण बदलते.

उष्णता प्रकाशाच्या वेगाने पोहोचते, दाबलहर मात्र काही सेकंदांनी येते. म्हणजे एखादी इमारत आधी तापते आणि मग कोसळते. पडदे, कागद, वाळलेला पालापाचोळा, जुने कुजके लाकूड अशा पातळ व गडद रंगाच्या वस्तू पहिल्या झळीतच पेट घेतात. त्यानंतर येणारी दाबलहर काही ज्वाळा विझवून टाकते. परंतु गाद्या, उशा, कापसाचे ढीग यांच्या आत धुमसणारी आग अशा फुंकरीने विझत नाही. ती ढिगाऱ्याखाली गाडली जाते आणि कालांतराने पुन्हा डोके वर काढते.

आगीचे दोन स्रोत

उष्णतेच्या झळीने थेट लागलेल्या आगींना प्राथमिक, तर इमारती कोसळल्यामुळे लागलेल्या आगींना दुय्यम आगी म्हणतात. उलटलेल्या चुली आणि शेगड्या, फुटलेल्या गॅसवाहिन्या, तुटलेल्या वीजतारा, सांडलेले तेल ही दुय्यम आगीची कारणे होत. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा सकाळचे सव्वाआठ वाजले होते. अनेक घरांत न्याहारीसाठी पेटवलेल्या कोळशाच्या शेगड्या तशाच होत्या. लाकडी घरे त्या शेगड्यांवर कोसळली आणि ठिकठिकाणी एकाच वेळी आगी लागल्या.

भारतीय शहरांत शेगडीची जागा आता गॅस सिलिंडरने घेतली आहे. घरगुती वापराच्या एका सिलिंडरमध्ये १४.२ किलो द्रवरूप वायू असतो. ढिगाऱ्याखाली दबलेला सिलिंडर गळू लागला तर वायू हवेपेक्षा जड असल्याने खालच्या पोकळ्यांत साचतो. ज्वाळांत सापडलेला सिलिंडर फुटण्याचाही धोका असतो. त्यामुळे बचाव पथकांना ढिगाऱ्यात शिरण्यापूर्वी वायूचा माग काढावा लागतो.

ढिगारा हेच इंधन आणि ढिगारा हेच झाकण

ढिगारा कशाचा आहे यावर आगीचे स्वरूप अवलंबून असते. लाकडी बांधकाम कोसळले की तुळया, फळ्या, दारे, खिडक्या आणि घरातील सामान मोकळे होऊन एकमेकांवर पडते. त्यांच्यामध्ये हवेला वाट राहते आणि चितेप्रमाणे रचलेला हा ढीग वेगाने जळतो. दोन घरांमधील मोकळी जागाही सामानाने भरून जाते. एरवी जी गल्ली आगीला अडसर ठरली असती, तीच आग पुढे नेणारी वाट बनते.

विटा, सिमेंट आणि सळयांचे बांधकाम कोसळते तेव्हा चित्र निराळे असते. न जळणारा राडारोडा जळाऊ सामानावर पडून त्याला झाकतो. हवा कमी मिळाल्याने ज्वाळा मंदावतात, पण आग विझते असे नाही. ती आत धुमसत राहते. धूर आणि विषारी वायू ढिगाऱ्यातील पोकळ्यांत पसरतात. वरून पाणी मारले तरी स्लॅबच्या तुकड्यांमुळे ते आगीच्या मुळापर्यंत पोहोचत नाही. ढिगारा उपसताना मात्र आतील निखाऱ्यांना अचानक हवा मिळते आणि आग पुन्हा भडकते.

अशी आग किती काळ टिकू शकते, याचे उदाहरण न्यूयॉर्कमध्ये पाहायला मिळाले. वर्ल्ड ट्रेड सेंटरचे मनोरे ११ सप्टेंबर २००१ रोजी कोसळले. तेथे अणुस्फोट झालेला नव्हता आणि हाताशी मोठे, सुसज्ज अग्निशमन दल होते. तरीही ढिगाऱ्याखालील आग तीन महिन्यांहून अधिक काळ धुमसत राहिली. ती पूर्ण विझल्याचे डिसेंबर महिन्यात जाहीर करण्यात आले.

हिरोशिमातील आगीचे वादळ

हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी सुमारे १५ किलोटन क्षमतेच्या बॉम्बचा स्फोट जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर झाला. त्यानंतर सुमारे २० मिनिटांत शहरभर लागलेल्या आगी एकत्र येऊ लागल्या. तापलेली हवा वर जाऊ लागली आणि तिची जागा घेण्यासाठी चहूबाजूंनी वारा शहराच्या मध्याकडे धावू लागला. दोन ते तीन तासांनी या वाऱ्याचा वेग ताशी ५० ते ६५ किलोमीटर झाला होता. यालाच आगीचे वादळ म्हणतात. त्यात सुमारे ११ चौरस किलोमीटरचा भाग जळून गेला. आत ओढल्या जाणाऱ्या वाऱ्यामुळे आग बाहेर फारशी पसरली नाही, पण तिच्या घेऱ्यात जे होते त्यातले जळण्याजोगे काही उरले नाही.

आग विझवण्याची साधने आगीच्या आधीच नष्ट झाली होती. सुमारे ७० टक्के अग्निशमन सामग्री केंद्रांच्या इमारतींखाली चिरडली गेली आणि सुमारे ८० टक्के कर्मचारी कामावर येऊ शकले नाहीत. घराघरांतील पाण्याचे नळ सुमारे ७० हजार ठिकाणी तुटल्याने पाण्याचा दाब नाहीसा झाला. रस्ते ढिगाऱ्यांनी भरल्याने शाबूत बंबही पुढे सरकू शकले नाहीत. हवाई हल्ल्यांतील आग पसरू नये म्हणून हिरोशिमात घरे पाडून मोकळे पट्टे तयार करण्याचे काम सुरू होते आणि त्या सकाळी हजारो शाळकरी मुले त्याच कामावर होती. त्यांपैकी बहुसंख्य मुले मृत्युमुखी पडली. असंख्य ठिकाणी एकाच वेळी लागलेल्या आगींपुढे ते पट्टे अपुरे ठरले.

नागासाकीवर ९ ऑगस्ट रोजी पडलेला बॉम्ब अधिक शक्तिशाली, सुमारे २१ किलोटनांचा होता. तेथे मात्र खऱ्या अर्थाने आगीचे वादळ झाले नाही आणि जळालेले क्षेत्र हिरोशिमापेक्षा बरेच कमी राहिले. डोंगरांनी विभागलेली वस्ती हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. म्हणजेच आगीची व्याप्ती केवळ बॉम्बच्या ताकदीवर ठरत नाही. जमिनीचा उंचसखलपणा, वस्तीची दाटी आणि जळाऊ सामानाचे प्रमाण यांचाही त्यात मोठा वाटा असतो.

दुसऱ्या महायुद्धातील अनुभवांवरून आगीच्या वादळासाठी चार स्थूल अटी सांगितल्या जातात. दर चौरस मीटरमागे सुमारे ४० किलो जळाऊ सामान, निम्म्याहून अधिक इमारतींना एकाच वेळी लागलेली आग, वाऱ्याचा मूळ वेग ताशी १३ किलोमीटरपेक्षा कमी आणि किमान सव्वा चौरस किलोमीटर जळते क्षेत्र, अशा या अटी आहेत. विटा आणि काँक्रीटच्या विरळ वसाहतींत त्या पूर्ण होण्याची शक्यता कमी असते. लाकूड, प्लास्टिक आणि कापडाने भरलेल्या दाट बाजारपेठांबाबत तसे म्हणता येत नाही.

बांधकाम साहित्यावर परिणाम

आगीत सापडलेला ढिगारा थंड झाल्यावर पूर्वीसारखा राहत नाही. काँक्रीटची ताकद साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे लक्षणीयरीत्या घटू लागते आणि ६०० अंशांच्या आसपास निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. काँक्रीटमधील पाण्याची वाफ होऊन त्याचे कपचे उडतात आणि आतील सळया उघड्या पडतात. पोलाद जळत नाही, पण सुमारे ५५० ते ६०० अंशांना त्याची जवळपास निम्मी ताकद जाते आणि ते भाराखाली वाकते. भाजलेल्या विटा बऱ्याच अंशी टिकतात, मात्र त्यांना जोडणारा चुना किंवा सिमेंटचा थर भुसभुशीत होतो. अस्बेस्टॉसचे पत्रे आगीत तडकून फुटतात आणि त्यांचे सूक्ष्म तंतू हवेत मिसळतात.

याचा परिणाम असा, की धक्क्यातून वाचलेली इमारत आगीनंतर कोसळू शकते आणि तासाभरापूर्वी स्थिर वाटणारा ढिगारा खचू शकतो. तापलेल्या काँक्रीटवर किंवा दगडावर एकदम थंड पाणी पडल्यानेही तडे जातात. सुटका करणाऱ्या पथकाने आधी टेकू लावले असले, तरी आगीनंतर ते पुन्हा तपासावे लागतात.

हिरोशिमात केंद्राजवळील काही काँक्रीटच्या इमारतींचा सांगाडा उभा राहिला, पण खिडक्या फुटल्याने आग आत शिरली आणि आतील सर्व काही जळाले. बँक ऑफ जपानची शाखा स्फोटबिंदूपासून केवळ ३८० मीटरवर होती. तिच्या खालच्या दोन मजल्यांच्या खिडक्यांवरील लोखंडी झडपा बंद होत्या, तर तिसऱ्या मजल्याच्या उघड्या होत्या. तिसरा मजला जळाला, खालचे मजले आगीपासून वाचले. या इमारतीत दोन दिवसांनी बँकेचे कामकाज पुन्हा सुरू झाले.

ढिगाऱ्याखालील माणसे

भूकंपानंतर ढिगाऱ्याखाली अडकलेली माणसे काही वेळा अनेक दिवसांनीही जिवंत सापडतात. ढिगाऱ्याला आग लागली तर हा अवधी उरत नाही. हिरोशिमात घराखाली अडकलेल्या अनेकांना दुखापत मोठी नव्हती. आग पोहोचेपर्यंत त्यांना बाहेर काढता आले नाही, म्हणून ते दगावले. आपल्या माणसांना तसेच सोडून निघावे लागल्याच्या कहाण्या वाचलेल्या अनेकांनी पुढे आयुष्यभर सांगितल्या.

ज्वाळा पोहोचल्या नाहीत तरी कार्बन मोनॉक्साईडचा धोका राहतो. अपुऱ्या हवेत धुमसणाऱ्या आगीतून हा वायू मोठ्या प्रमाणावर निघतो. त्याला रंग किंवा वास नसतो आणि त्याची घनता जवळपास हवेइतकीच असल्याने तो कोणत्याही पोकळीत सहज पसरतो. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरावर जुलै १९४३ मध्ये झालेल्या बॉम्बहल्ल्यात आगीचे वादळ निर्माण झाले, तेव्हा तळघरांत आश्रय घेतलेल्या अनेकांचा मृत्यू ज्वाळांनी नव्हे, तर या वायूने आणि उष्णतेने झाला. आसरा मजबूत असला तरी त्यावर जळता ढिगारा साचणार असेल, तर तो सुरक्षित राहत नाही, हा त्याचा धडा होता.

मुंबई गोदीचा अनुभव

महाराष्ट्राच्या भूमीवर स्फोट, आग आणि ढिगारा हे तिन्ही एकत्र आले ते १४ एप्रिल १९४४ रोजी. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके आणि कापसाच्या हजारो गाठी एकत्र होत्या. दुपारी कापसात आग लागली. जहाजात शेकडो टन पाणी ओतूनही गाठींखाली धुमसणाऱ्या आगीचे मूळ सापडले नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान कर्तव्य बजावताना मृत्युमुखी पडले. मृतांची एकूण संख्या ८०० ते १,३०० च्या दरम्यान असावी, असा अंदाज आहे.

पेटलेला कापूस आणि तापलेले लोखंड आसपासच्या गोदामांवर आणि वस्तीवर पडले. आग आटोक्यात आणण्यास तीन दिवस लागले. सुमारे पाच लाख टन ढिगारा हलवून गोदी पूर्ववत करण्यासाठी आठ हजार माणसे सात महिने राबत होती, अशी नोंद आहे. या स्फोटात किरणोत्सार नव्हता आणि जहाजावरील स्फोटकांचे वजन हिरोशिमाच्या बॉम्बच्या क्षमतेच्या सुमारे दहाव्या भागाएवढेच होते. त्या जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळण्यात येतो.

किरणोत्सारी धूळ आणि आग

आगीमुळे किरणोत्सार नष्ट होतो, हा समज चुकीचा आहे. ज्वलन ही रासायनिक क्रिया असून तिचा अणूच्या केंद्रकावर परिणाम होत नाही. किरणोत्सारी कण ज्या वस्तूवर बसले असतील ती जळाली, तर ते राखेत राहतात किंवा धुराबरोबर हवेत जातात. हिरोशिमात स्फोटानंतर पडलेल्या काळ्या पावसात आगीची काजळी आणि किरणोत्सारी कण मिसळलेले होते. त्यामुळे आग विझवताना वाहून जाणारे पाणी आणि ढिगाऱ्यातील राख यांचीही तपासणी करावी लागते.

किरणोत्सारी धुळीची तीव्रता आरंभी झपाट्याने घटते. स्थूल नियम असा, की काळ सातपट झाला की तीव्रता दहापट कमी होते. पहिल्या तासाला असलेली तीव्रता सात तासांनी एक दशांश आणि सुमारे दोन दिवसांनी एक शतांश राहते. म्हणूनच धूळ पडत असताना मजबूत इमारतीच्या आतील भागात किंवा तळघरात किमान २४ तास थांबण्याचा सल्ला दिला जातो.

येथेच सर्वात अवघड पेच निर्माण होतो. धुळीपासून बचावासाठी आत थांबावे लागते, तर आगीपासून बचावासाठी बाहेर पडावे लागते. जीव वाचवण्याच्या क्रमात आगीला प्रथम स्थान आहे. इमारत पेटली असेल किंवा कोसळण्याच्या बेतात असेल, तर तेथे थांबू नये. जवळच्या दुसऱ्या भक्कम इमारतीत शक्य तितक्या लवकर जावे. आग नसेल तर बाहेर पडू नये.

पूर्वतयारीचे महत्त्व

अमेरिकेत नेवाडा येथे ८ मे १९५३ रोजी झालेल्या अणुचाचणीत छोटी लाकडी घरे उभारण्यात आली होती. ज्या घराभोवती वाळलेला कचरा होता किंवा ज्याचे लाकूड जीर्ण झाले होते, ते जळून गेले. स्वच्छ अंगण असलेले आणि रंग दिलेले घर वरवर काळवंडले, पण वाचले. स्फोटाच्या अगदी जवळच्या भागात अशा काळजीचा उपयोग नाही. मात्र जेथे इमारती टिकतात आणि केवळ उष्णता पोहोचते, अशा बाहेरील पट्ट्यात कचरा आणि अडगळ किती आहे यावर कोठे आग लागणार हे बऱ्याच अंशी ठरते.

भारतात नागरी संरक्षण कायदा १९६८ मध्ये झाला. नागरी संरक्षणाच्या बारा सेवांमध्ये वॉर्डन, अग्निशमन, सुटका, जखमींची शुश्रूषा आणि मालमत्ता वाचवणे यांचा समावेश आहे. प्रशिक्षणाच्या दोन राष्ट्रीय संस्था नागपूर येथे आहेत. आपत्कालीन मदतकार्याचे प्रशिक्षण देणारी संस्था तेथे १९५७ मध्ये सुरू झाली आणि तिचेच पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाले. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये रामपूर येथे सुरू होऊन पुढच्याच वर्षी नागपूरला आले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची स्थापना २००६ मध्ये झाली असून, पुण्याजवळ सुदुंबरे येथे त्याची पाचवी तुकडी आहे. आण्विक आणि किरणोत्सारी आपत्तींबाबत राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सूचनेनुसार ७ मे २०२५ रोजी देशातील २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांसाठी सराव ठरवण्यात आला. महाराष्ट्रातील मुंबई, उरण आणि तारापूर ही ठिकाणे त्यात पहिल्या श्रेणीत होती.

नागरिकांनी लक्षात ठेवण्याच्या बाबी

१. प्रखर प्रकाश दिसताच खिडकीपासून दूर जमिनीवर पालथे पडावे. दाबलहर काही सेकंदांनी येते.

२. धक्का ओसरल्यावर गॅसचा नळ आणि विजेचे मुख्य बटण बंद करावे. वायूचा वास येत असल्यास विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नये.

३. गाद्या, पडदे, माळा आणि गच्ची येथे लहान आग किंवा धूर आहे का, ते लगेच पाहावे. या वेळी बादलीभर पाणी किंवा वाळू पुरेशी ठरते.

४. आग आवाक्याबाहेर गेल्यास तोंडावर ओले कापड धरून, वाकून बाहेर पडावे. अरुंद गल्ल्या टाळाव्यात.

५. ढिगाऱ्याखाली अडकल्यास काडी किंवा लायटर पेटवू नये. सतत ओरडण्याऐवजी नळावर किंवा भिंतीवर ठोकून खूण द्यावी.

६. बाहेरून आत आल्यावर वरचे कपडे काढून वेगळे ठेवावेत आणि अंग धुवावे.

हिरोशिमाच्या अनुभवानुसार विखुरलेल्या आगी एकत्र येण्यास सुमारे २० मिनिटे लागली. त्या अवधीत बंब पोहोचण्याची शक्यता फार थोडी असते. रस्ते बंद आणि नळ कोरडे असताना हाताशी राहतात ती त्याच इमारतीतील आणि शेजारच्या इमारतीतील माणसे. म्हणून नागरी संरक्षणाच्या प्रशिक्षणात वस्तीतील वॉर्डन आणि रहिवाशांच्या लहान पथकांना बादली, वाळू आणि हाताने चालणारा पंप वापरण्याचे शिक्षण देण्याची पद्धत आहे. ढिगाऱ्यातील आग लहान असतानाच विझली, तर त्याखालील माणसाची सुटका होऊ शकते. ती मोठी झाल्यावर मोठ्या यंत्रणेलाही वाट पाहण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही.